ठाय लयीतली चूक

दिवसभर कोड लिहून संध्याकाळी तबल्यासमोर बसणाऱ्याला लोक म्हणतात, ‘बरंय, तेवढाच विरंगुळा.’ विरंगुळा तो आहेच; पण तबल्यावर हात बसतो आणि कोड लिहिणाऱ्याचा हात मुरतो, त्यामागची रीत मला एकच दिसते. साधा ‘तिरकिट’ घ्या. द्रुत लयीत तो बरा वाजल्यासारखा वाटतो, कारण दुबळ्या बोटाचं अक्षर शेजारच्या अक्षरांत दडून जातं. म्हणून गुरुजी लय ठाय करायला लावतात. चारही अक्षरं सुटी झाली की कोणतं दबलंय ते कानाला कळतं, आणि मग तेवढंच घोटायचं. तबल्यातला ‘कायदा’ हा रचनाप्रकार घ्या, त्याची शिस्त याहून कडक: मूळ बोलांबाहेर जायचं नाही, पलटे त्याच अक्षरांतून काढायचे, खालीत डग्ग्याची आस काढून घेतली आणि ‘धा’चा ‘ता’ झाला तरी घडण ढळता कामा नये. प्रोग्रामिंगमध्ये याच्या सर्वांत जवळचं काम म्हणजे रिफॅक्टरिंग. मार्टिन फाउलर यांच्या १९९९च्या पुस्तकामुळे हा शब्द घरोघरच्या प्रोग्रामरपर्यंत पोचला. प्रोग्राम बाहेरून जे करतो त्यात तसूभर फरक पडू द्यायचा नाही आणि आतली मांडणी सुधारायची. पाच ठिकाणी डकवलेला एकच हिशोब एका फंक्शनमध्ये आणायचा, प्रत्येक लहान बदलानंतर टेस्ट चालवून बघायची. चालणारा प्रोग्रामही द्रुत तिरकिटासारखाच आपल्या चुका झाकून ठेवतो. त्या दिसायला असं सावकाश उलगडावं लागतं.

असा सराव संशोधकांनीही तपासला आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अठराव्या वर्षापर्यंत सर्वांत सरस गटाचा एकट्याने केलेला रियाझ सरासरी ७,४०० तासांच्या घरात होता, संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा ३,४००च्या. पुढे ‘दहा हजार तास’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. एरिक्सन यांचा भर मात्र तास कसे घालवले यावर होता: नेमक्या उणिवेवर बोट ठेवून, चूक दाखवणाऱ्याच्या मार्गदर्शनाने.

यावर एक आक्षेप खरोखरच वजनदार आहे. ब्रुक मॅकनामारा आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. कौशल्यातल्या फरकाचा संगीतात २१ टक्के भाग अशा सरावाने उलगडला, नोकरी-व्यवसायात मात्र एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे संगीतातही बराच भाग सरावापलीकडचा, हे मान्यच करायला हवं. पण व्यवसायाच्या आकड्याकडे पाहताना दोन गोष्टी विसरू नयेत. तिथे कौशल्य मोजणंच अवघड. आणि माझ्या मते, ऑफिसातले तास हे बहुतांशी मैफलीचे असतात, रियाझाचे नव्हेत. डेडलाइन डोक्यावर असताना लय ठाय करून चूक शोधायला कोण थांबतो? एकाच साच्याचे फॉर्म दहा वर्षं बनवणाऱ्याची दहा वर्षं भरतात, पण हात पहिल्या वर्षाचाच राहतो. कोड रिव्ह्यूत कोणी शांतपणे ‘हे नाव असं का?’ विचारतं, त्या अर्ध्या तासात खरी तालीम होते. ती फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि याचं वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप असा की तीनताल १६ मात्रांचाच राहतो, तंत्रज्ञान मात्र दर काही वर्षांनी कूस बदलतं, मग घोटलेलं वाया जात नाही का? भाषेचे नियम आणि टूलची बटणं जातातच. पण तीनतालातून झपतालात येणाऱ्यालाही १० मात्रांचे दोन-तीन-दोन-तीन असे खंड नव्याने अंगात मुरवावे लागतात. हातावर टाळी देत तो ते मोजू लागतो, सम चुकते, पुन्हा मोजतो. मात्र त्यात ‘तिरकिट’ आला आणि एखादं अक्षर दबलं, तर ते त्याला पहिल्याच आवर्तनात ऐकू येतं.