खोट्या शार्कची खरी गंमत

भीतिपट पाहावा तो हसण्यासाठी, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. परंतु अमेरिकेतील स्वस्त शार्कपटांचा सारा धंदाच यावर चालतो.

१९७५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ आला. त्यासाठी बनविलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडे. म्हणून दिग्दर्शकाने तो थोडाच दाखविला आणि बाकीचे काम पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपांवर व संगीतावर सोपविले. न दिसणाऱ्या माशाने प्रेक्षक घाबरले.

२०१३ सालचा ‘शार्कनेडो’ नेमके उलट करतो. वावटळ समुद्रातले शार्क उचलून लॉस एंजलिस शहरावर टाकते. नायक यांत्रिक करवत घेऊन शार्कच्या तोंडात शिरतो आणि त्याचे पोट फाडून बाहेर येतो! संगणकावर काढलेला हा शार्क उघड उघड खोटा. नटमंडळी मात्र कमालीची गंभीर. या विसंगतीतच हसू आहे. लबाडी लपवायची नाही असे ठरले, की प्रेक्षकही दोष काढायचे सोडून खेळात सामील होतो. २०१८ पर्यंत याचे एकूण सहा भाग निघाले.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. पडद्यावरील ओबडधोबडपणामागे आम्हांला थोड्या वेळात, थोड्या पैशांत काम उरकणारे हात दिसतात. चित्रपट खुशाल स्वस्त असावा. ते हात स्वस्त असू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.