कामावर जाताना सोबत



या सदरात मी मधुमेहावर लिहिले, रक्तदाबावर लिहिले, गुडघेदुखीवरही लिहिले. स्वतःच्या घरातल्या आजारावर मात्र कधी लिहिले नाही. माझ्या धाकट्या मुलाला तेविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले, तरी सिनेगॉगमध्ये कोणी त्याची चौकशी केली की "शिकतोय अजून" असे सांगून विषय बदलत असे. आज त्याच्या परवानगीने लिहिते आहे.

औषधांनी आवाज थांबले, पण तो घरातच बसून राहिला. मला वाटे, आधी पूर्ण बरा होऊ दे, मग काम पाहू. अशी सहा वर्षे गेली.

इस्राएलमध्ये २००० साली मानसिक आजार असलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. बितुआह लेउमीने मानसिक आजारामुळे किमान ४० टक्के अपंगत्व ठरवलेल्या, १८ वर्षांवरील व्यक्तीला 'साल शिकूम'साठी अर्ज करता येतो. आरोग्य खात्याची समिती त्या व्यक्तीशी बोलून घर, शिक्षण, काम यांपैकी कोणती मदत द्यायची ते ठरवते. आमच्या मुलाने काम मागितले. मग त्याला रोजगार मार्गदर्शक मिळाली. हिब्रूत तिला 'मेलावा' म्हणतात, म्हणजे सोबत करणारी.

पहिल्या भेटीत तिने आजाराबद्दल फारसे विचारलेच नाही. "तुला काय करायला आवडतं?" हा तिचा पहिला प्रश्न. घरातला पंखा, मिक्सर बिघडला की तोच दुरुस्त करतो, हे मला कधी सांगण्यासारखे वाटले नव्हते. तिने ते लिहून घेतले.

या पद्धतीचा पाया अमेरिकेत १९९० च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी घातला. पूर्वी रुग्णाला वर्षानुवर्षे 'तयारी' करायला लावत. यांनी उलट सांगितले: ज्याला काम करायचे आहे त्याला लवकर खरी नोकरी शोधून द्या, त्याच्या आवडीची द्या, उपचार करणाऱ्यांशी संपर्क ठेवा, आणि नोकरी लागल्यावर पाठ सोडू नका. अनेक देशांतल्या अभ्यासांत जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने जास्त लोक कामाला लागलेले दिसले.

पहिली नोकरी धुलाईखान्यात लागली. ती दोन आठवड्यांत सुटली. मी रडले. मेलावा म्हणाली, "गोंगाट चालत नाही, हे आता कळलं." दुसरी नोकरी विजेच्या सामानाच्या दुकानात, मागच्या गोदामात. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी झापड असते, म्हणून तिने मालकाशी बोलून वेळ सातऐवजी दहाची करून घेतली. तोंडी सूचना गोंधळात टाकतात, म्हणून त्या कागदावर. अशा वाजवी सवलती मागण्याचा हक्क १९९८ च्या समान हक्क कायद्याने दिला आहे. मालकाला आजाराबद्दल सांगायचे की नाही, हे मुलानेच ठरवले.

तीन महिन्यांनी तो आठ दिवस गेलाच नाही. मेलावा घरी आली, चहा घेतला, त्याच्याशी बोलली. नवा मुकादम ओरडत होता, एवढेच कारण! ते मिटले आणि तो परत जाऊ लागला.

"पगार सुरू झाला तर भत्ता बंद होईल" ही भीती आमच्याही घरात होती. २००९ पासून लागू झालेल्या लारोन कायद्यात हिशेब असा ठेवला आहे की, पगार वाढेल तसा भत्ता हळूहळू कमी होतो, पण दोन्ही मिळून रक्कम नुसत्या भत्त्यापेक्षा जास्त राहते. तरीही काम धरण्याआधी बितुआह लेउमीत आपला हिशेब विचारा, आणि पगार जरूर कळवा.

ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा तिथल्या समाजसेविकेला साल शिकूमबद्दल विचारावे. आमच्यासारखी सहा वर्षे घालवू नका. काम म्हणजे औषध नव्हे, गोळ्या चालूच आहेत. वाईट दिवस अजूनही येतात. पण आता सिनेगॉगमध्ये कोणी चौकशी केली तर मी विषय बदलत नाही. सांगते, "दहाला कामावर जातो."