पांढरी चार थोडी उतरवताना

आमच्या कुरुंद्यात पट्ट्यांचं विजेवर चालणारं कुठलंही वाद्य म्हणजे 'कॅसिओ', मग ते लग्नाच्या बँडमधलं असो की सप्ताहाच्या मंडपातलं. माझ्या टेबलावर सध्या उघडा पडलेला इलेक्ट्रॉनिक पियानो मात्र त्याच्या आधीच्या पिढीतला आहे. कॅसिओ कंपनीचा पहिला कीबोर्ड आला 1980 मध्ये, आणि त्या घराण्यात पुढे आवाज बनवण्याचं काम चिपकडे गेलं. या जुन्या पियानोत तसली चिप नाही. आत कॉइल, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, आणि त्यांच्यावर बसलेली मराठवाड्याची बारीक धूळ. पियानो म्हणून आवाज बेताचाच, पण त्यात हात घालता येतो, आणि मला तेच हवं होतं.

सुरुवात सावधपणे करायची. ट्रान्सफॉर्मरपर्यंत 230 व्होल्ट येतात, म्हणून प्लग भिंतीतून काढूनच झाकण उघडायचं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पॉवर सप्लायमधला मोठा कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. त्याच्या दोन पायांत एक किलोओहमचा रेझिस्टर थोडा वेळ धरून तो रिकामा करायचा आणि मल्टिमीटरने शून्य दिसल्यावरच पुढे जायचं. आपलं काम त्यापलीकडच्या 12 व्होल्टच्या भागात आहे. मेन्सच्या तारांना हात लावायचं कारणच नाही.

आत बारा छोट्या पाट्या एका रांगेत आहेत, सप्तकातल्या प्रत्येक स्वराला एक. प्रत्येकीवर एक कॉइल आणि एक कंडेन्सर. कंडेन्सरमधला भार कॉइलमधून पलीकडे जातो, कॉइल तो परत ढकलते, आणि झोका दर खेपेला मंदावू नये म्हणून ट्रान्झिस्टर मागून हलका धक्का देत राहतो. कंडेन्सर मोठा असेल तर झोका सावकाश जातो आणि स्वर खाली येतो. या बारा पाट्या फक्त सर्वांत वरचं सप्तक तयार करतात. त्याखालचे स्वर भाजक देतात. प्रत्येक भाजक आलेल्या कंपनांची संख्या निम्मी करतो, आणि निम्मी कंपनं म्हणजे तोच स्वर एक सप्तक खाली. म्हणून एका पाटीवरचा कंडेन्सर बदलला की तो स्वर वाद्यभर बदलतो. माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

आपल्या गाण्यासाठी पट्टीच्या वाद्याचे स्वर हलवण्याची धडपड महाराष्ट्राला नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियमचा पाठपुरावा केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. पेटीत त्यासाठी सूर कानशीने घासावे लागतात, आणि जास्त घासलेला पितळी सूर पूर्ववत करणं जिकिरीचं असतं. इथे एक कंडेन्सर जोडायचा, नको वाटला तर काढायचा.

अडचण कुठे येते ते तानपुऱ्याजवळ बसलं की कळतं. काळी एक हा सा धरा, म्हणजे 277.2 हर्ट्झ. शुद्ध गंधार पांढरी चारवर येतो, आणि पियानोवर ती 349.2 हर्ट्झला लावलेली असते, कारण सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र सा आणि गंधाराचं नातं 4:5 ठेवतो, म्हणजे 346.5 हर्ट्झ. साचा पाचवा स्वरांश, म्हणजे त्याच्या पाचपट कंपनांचा सूर, 1386 वर आणि पट्टीच्या गंधाराचा चौथा 1397 वर. दोघांत सेकंदाला अकरा हेलकावे होतात. गंधार खरखरीत वाटतो तो यामुळे.

स्वर 0.8 टक्का उतरवायचा आहे. कॉइल-कंडेन्सरच्या जोडीत कंपनसंख्या कंडेन्सरच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून कंडेन्सर दुप्पट प्रमाणात, 1.6 टक्क्यांनी, वाढवावा लागतो. माझ्या पाटीवर 0.1 मायक्रोफॅरडचा आहे. त्याला समांतर 1.6 नॅनोफॅरड हवा. बाजारात 1.5 सहज मिळतो, आणि तो लावल्यावर हेलकावे जवळपास विरतात. उरलेलं कानाने, कॉइलमधला गाभा अगदी केसभर फिरवून. गाभा फिरवायला प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हरच घ्यावा. लोखंडी जवळ नेला तरी स्वर हलतो आणि बाहेर काढल्यावर परत दुसरीकडे जातो.

हा गंधार फक्त काळी एकच्या गायकासाठी बरोबर आहे. पट्टी बदलली की तीच पांढरी चार दुसरा कुठला तरी स्वर होते आणि चुकते. म्हणून नवा कंडेन्सर थेट न जोडता छोट्या खटक्यातून जोडला आहे. काळी पाचला, म्हणजे धैवताला, तसाच दुसरा खटका, तिथे 1.8 टक्के. तारा आखूड ठेवाव्यात, लांब तारेची स्वतःचीही धारकता असते.

स्वर झाला, आता पोत. भाजकातून निघते ती चौकोनी लहर, आणि तिच्यात फक्त विषम स्वरांश असतात, पहिला, तिसरा, पाचवा. त्यामुळे आवाज पोकळ, बांबूसारखा. 1954 च्या 'नागिन' चित्रपटातली बीन संगीतकार कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. मला त्याच धारेचा आवाज हवा होता, आणि त्यासाठी सम स्वरांश भरावे लागतात. भाजकांच्या साखळीत ते तयारच असतात: त्याच स्वराच्या वरच्या सप्तकाची लहर अर्ध्या जोराने आणि त्याहून वरच्या सप्तकाची पाव जोराने मिसळली की चौकोनाचा जिना होतो, करवतीच्या दातासारखा. रेझिस्टर लागतात 47, 100 आणि 220 किलोओहम. सगळ्या पट्ट्यांना जोडायला आठवडे जातील. मी मधली दोन सप्तकंच केली, आणि गाण्याच्या साथीला तेवढी पुरतात.

आवाज किती वेळ रेंगाळतो ते प्रत्येक पट्टीच्या एका कंडेन्सरवर ठरतं. 1 च्या जागी 2.2 मायक्रोफॅरड घातला की विरण्याचा वेळ दुपटीहून थोडा जास्त होतो. तिथे धन-ऋण पाय उलटे लावू नयेत, इतकंच.

झाकण बंद करण्याआधी आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे: कुठल्या पाटीवर मूळ काय होतं, मी काय जोडलं, कुठली तार कुठल्या खटक्याला जाते. पुढे कुणी हा पियानो उघडला तर दोन टाके सोडवून त्याला पांढरी चार पुन्हा 349.2 वर आणता येईल.