सालदाराची बोली व पोळ्याची झडती

नागपूर परिसरात वर्षाच्या करारावर शेतीकाम करणाऱ्यास सालदार म्हणतात. जमीनदार, ठेकेदार या शब्दांत ‘-दार’ हा फारसी प्रत्यय काही धारण करणारा असा अर्थ देतो. सालदाराच्या हाती मात्र केवळ साल असते, आणि तेही दुसऱ्यास विकलेले. गुढीपाडव्याच्या सुमारास ठरणाऱ्या या कराराला ‘बोली’ म्हणतात, कारण त्यात बहुधा कागद नसतो, शब्द असतो. रोख किती, धान्य किती, उचल किती हे स्पष्ट बोलले जाते. कामाचे तास सहसा बोलले जात नाहीत. बैलांचे वैरणपाणी, राखण, मालकाच्या घरची किरकोळ कामे हे सारे सालातच धरले जाते. मालकाच्या सत्तेचा आधार बोलीतील शब्दांपेक्षा तिच्यातील मौनावर अधिक असतो. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बेकायदा ठरली. या मौनाला लागू पडेल असे कलम मात्र सहज सापडत नाही.

अशा संबंधात मजूर उघड नकार क्वचितच देतो. मलेशियातील एका भातपिकाऊ खेड्याचा अभ्यास करून जेम्स स्कॉट यांनी 1985 मध्ये दाखविले की, दिरंगाई, न समजल्याचे सोंग व पाठीमागील निंदा ही दुर्बळांची नित्याची शस्त्रे होत. मालकासमोरचे व त्याच्यामागचे बोलणे असा भेद त्यांनी पुढे 1990 मध्ये सविस्तर मांडला. विदर्भातील झडती या दोहोंच्या सीमेवर उभी आहे.

श्रावण अमावास्येला पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात. मानाची जोडी पूर्वी मालगुजाराची वा पाटलाची असे. उभे राहण्याचा क्रमच गावातील सत्तेचा क्रम होता. त्याच तोरणाखाली झडती म्हटली जाते. आरंभी देवतेला नमन, मग यमकांच्या काही ओळी, शेवटी महादेवाचा गजर. मधल्या ओळींत सावकार, पुढारी, सरकार, क्वचित गावातला धनिकही सापडतो. गजरात सारा गाव सामील झाल्याने टीका एकट्याची राहत नाही. शिवाय नाव घेतलेले नसते; रागावणाऱ्याने ती स्वतःस लावून घेतली असेच ठरते.

विधीतील बंडाने व्यवस्था उलट दृढच होते, असे मॅक्स ग्लकमन यांनी आफ्रिकेतील विधींवरून 1954 मध्ये प्रतिपादिले. झडतीस हा आक्षेप बराच लागू पडतो. पोळा फुटला की सालदार बैल घेऊन बोजारा मागावयास निघतो, आणि त्या दारांत मालकाचेही दार असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झडतीतील ‘आपण’ हा बहुधा शेतकरी असतो. मजूर त्यात सामावतो, म्हणजेच दिसेनासा होतो.

दलित मजुरांचा मार्ग वेगळा झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना महादेवाचा गजर करणे शक्य नव्हते. त्यांच्याजवळ दुसरा शब्द होता. ‘जय भीम’ या अभिवादनाचे श्रेय कामठीचे विडी कामगार नेते बाबू हरदास (1904–1939) यांना दिले जाते. ‘जोहार’ महाराने वरच्यास घालावयाचा असे. ‘जय भीम’चे उत्तर ‘जय भीम’ हेच. झडती वर्षातून एकदा, तीही आडून बोलते. हे अभिवादन मात्र रोज, बांधावर, मालकाच्या तोंडावर उच्चारता येते, आणि त्यावर मालकाने काय म्हणावे, याचा संकेत गावाच्या जुन्या भाषेत नव्हता.