दुरुस्ती की नवे इंजिन?

कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर शर्यतीच्या गाडीचे इंजिन निकामी झाले, की संघापुढे हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. केवळ बेअरिंग खराब होऊन क्रँकशाफ्टवर ओरखडे उमटले असतील, तर तो घासून, जाड बेअरिंग बसवून तेच इंजिन पुन्हा बांधता येते. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले, तर मात्र वेल्डिंगवर विसंबू नये. तेथून तापलेले तेल ट्रॅकवर सांडले, तर मागून येणाऱ्याची गाडी घसरते. म्हणूनच जाणता मेकॅनिक खर्चाचा आकडा सांगण्याआधी सिलिंडर मोजतो, ब्लॉकमधील सूक्ष्म तडा शोधतो. काटकसर हा व्यापाऱ्याचा गुण खरा. परंतु ती दुसऱ्याच्या जिवावर होऊ नये. वहीतील तोटा पुढील हंगामात भरून निघतो. गेलेला जीव परत येत नाही.