खोली कुणाच्या नावावर?

आमच्या गिरगावात माणूस गेला की दिवसकार्य आटोपायच्या आत एक प्रश्न येतो: भाडेपावती आता कुणाच्या नावावर? वाडीच्या भाडेकरू संघाची कागदपत्रं मी सांभाळते, म्हणून तो माझ्याच दारात येतो. नवरा गेला तर बायकोचं नाव लागतं, आई गेली तर सोबत राहणाऱ्या मुलाचं. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बाकीच्यांची ना हरकत, घरमालकाला अर्ज, एवढ्यावर काम होतं. पण दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी आयुष्यभर एका खोलीत संसार केला असेल, तर त्यांच्यासाठी माझ्या फायलीत एकही अर्ज नाही. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळायला हवा असं मी म्हणते, ते या फायलीमुळे.

आमच्या मजल्यावर दोन काका राहायचे. मोठे छापखान्यात खिळे जुळवायचे, धाकटे मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या पेढीवर होते. पहाटे नळ आला की धाकटे पाणी भरणार, मोठे चहा टाकणार. गणपतीचं मखर दोघं मिळून करायचे आणि त्यावरून दरवर्षी भांडायचे. चाळीत भिंती पातळ असतात. कोण कुणाचं आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या सासूबाई सोवळं पाळणाऱ्या, पण कुणी कुजबुजलं तर म्हणायच्या, "दोघांचं चांगलं चाललंय ना? मग झालं."

मोठे काका आजारी पडले तेव्हा परळच्या एका रुग्णालयात ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला रत्नागिरीहून पुतण्या येईपर्यंत सगळे थांबले. रात्री उशाशी बसणारा माणूस तिथेच उभा होता, त्याची सही चालली नाही. पुढे काका गेले. खोली पुतण्याने मागितली. सासूबाईंनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "दुखणं ह्यांनी काढलं. तू तेव्हा होतास कुठे?" मजल्यावरच्या प्रत्येक बिऱ्हाडाने सही करून पत्र दिलं. ते घेऊन मी गेले, तर घरमालकाचा मेहता म्हणाला, "वहिनी, सह्या कितीही आणा. नात्याचा कागद आहे का?"

मेहता नियमाचंच बोलत होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला की हक्क जातो सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, आणि तसा कुणी नसेल तर वारसाकडे. हिंदू वारसा कायद्यात भावाचा मुलगा वारसांच्या यादीत आहे. जोडीदार, लग्न झाल्याशिवाय, कुठेच नाही. धाकटे काका नालासोपाऱ्याला बहिणीकडे गेले.

"मृत्युपत्र करून ठेवायचं होतं," असं शहाणी माणसं सांगतात. स्वतःच्या मालकीचा फ्लॅट मृत्युपत्राने देता येतो. भाड्याच्या खोलीचा हक्क तसा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच सांगितलंय. आणि गिरगाव, लालबाग, परळमध्ये साध्या माणसाची मालमत्ता म्हणजे बहुतेकदा पागडीची खोलीच. गिरणी कामगारांना म्हाडाची घरं मिळतात, तीही कामगाराला किंवा त्याच्या वारसाला. म्हणजे वकील आणि फ्लॅट ज्यांना परवडतो ते कशीबशी वाट काढतात. चाळीतल्या माणसाला लग्नाच्या दाखल्याइतका दुसरा आधार नाही.

हा विषय परदेशातून आला, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' या मुंबईतूनच निघायचं. समलिंगी संबंधांसकट वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते परळच्या चाळीत वर्षानुवर्षं राहिलेले बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण बाबासाहेबांनी तेव्हा जी बाजू घेतली ती मला आजही बळ देते.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाची मागणी मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला फेटाळली: लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलणं संसदेचं काम, असं पाचही न्यायमूर्तींनी म्हटलं. त्या सुनावणीच्या वेळी 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, आमच्या मुलांना लग्न करू द्या म्हणून. प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ५३ टक्के भारतीय अशा लग्नाच्या बाजूने होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. ज्यांच्या मजल्यावर, ज्यांच्या नात्यात असं जोडपं आहे, त्यांना वेगळं पटवून द्यावं लागत नाही. नेपाळमध्ये २०२३ साली असं पहिलं लग्न नोंदलं गेलं, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे.

आमच्या मागच्या चाळीत आता दोन मुली राहतात. एक नर्स, दुसरी दादरला शिकवणी घेते. खोली नर्सच्या नावावर. वाडीचा पुनर्विकास होणार असं कानावर आल्यावर दोघी मला विचारायला आल्या, "काकू, काय काय करून ठेवू?" मी सांगितलं, जोडखातं उघडा, एकमेकींना नॉमिनी करा, २०२४ साली सरकारने स्वतः स्पष्ट केलंय की त्याला आडकाठी नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस येऊन पैसे मागू शकतात, म्हणून मृत्युपत्रही करा. शिकवणीवाली म्हणाली, "आणि खोलीचं?"

खोलीसाठी संसदेने १९५४ चा विशेष विवाह कायदा दुरुस्त करायला हवा. माझ्या मावशीने जातीबाहेर लग्न केलं ते याच कायद्याखाली, आणि मावसा गेल्यावर तिची खोली कुणी मागू शकलं नाही. या मुलींना मी तूर्त एवढंच म्हटलं की दोघींच्या नावाच्या एका रेशनकार्डासाठी उद्याच्या उद्या अर्ज टाका, सरकारने त्यालाही मोकळीक दिलीय. फॉर्म भरायला मी बसते तुमच्याबरोबर.