शंभर टक्के निकाल कसा वाचायचा

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला, की दोन-तीन दिवसांत सोलापुरातल्या शाळांच्या फाटकांवर फ्लेक्स झळकू लागतात. वर ठळक अक्षरांत शाळेचा निकाल, खाली पहिल्या पाच मुलांचे फोटो आणि त्यांचे टक्के. येणारे-जाणारे पालक थांबून वाचतात. पुढच्या जूनमध्ये आपल्या मुलाचे नाव कुठे घालायचे, ते पुष्कळ घरांत या फ्लेक्ससमोरच ठरते. तो आकडा खोटा नसतो. पण त्यात कोण मोजले गेले आणि कोण सुटले, हे ठाऊक नसेल तर त्यावरून शाळा कळत नाही. म्हणून एक मूल शाळेत शिरल्यापासून त्या आकड्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचते, ते सावकाश पाहू.

समजा, शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी आहे. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कन्नड. अशी घरे सोलापुरात हजारोंनी आहेत. आपण तिला पद्मा म्हणू.

पद्मा पहिलीला महापालिकेच्या शाळेत गेली. सोलापूरची नगरपालिका १८५२ची, तिची महापालिका झाली १ मे १९६४ रोजी. शहरातल्या प्राथमिक शिक्षणाचा भार या संस्थेवर आहे, आणि शहराच्या बोलीप्रमाणेच तिच्या शाळाही मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांत चालत आल्या. बालभारतीची पाठ्यपुस्तके आठ माध्यमांत निघतात. त्यांतली निदान चार माध्यमे एकाच शहराच्या शाळांत लागावीत, असे सोलापूरसारखे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पहिली ते आठवी पद्माच्या मागे कायदा उभा असतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण, पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक, ही त्यातली कलमे. त्याखेरीज सरकारी योजनांतून पाठ्यपुस्तके मिळतात, गणवेश मिळतो, दुपारी शाळेत गरम खिचडी मिळते. सकाळी आई विड्यांचा हिशेब द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचवर गेलेली असते, तेव्हा त्या खिचडीचे मोल त्या घरालाच विचारावे.

आणि मग येते नववी.

दहावीची चर्चा सगळे करतात, पण पद्माच्या वाटेवरचा खरा उंबरठा नववीचा आहे. शिक्षण हक्काचा कायदा आठवीला थांबतो. खिचडी आठवीला थांबते. मोफत पुस्तके आणि गणवेशही तिथेच थांबतात. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, ही महाराष्ट्राची जुनी आणि चांगली सोय. पण वह्या, पुस्तके, गणवेश, रिक्षा यांचा खर्च शुल्कात धरलेला नसतो. त्यातच महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी किंवा आठवीपर्यंतच असतात. म्हणजे नेमके आधार सुटतात त्याच वर्षी पद्माला शाळाही बदलावी लागते. जुन्या शाळेतून दाखला काढायचा, नव्या शाळेत तो दाखवायचा, नवे शिक्षक, नवा रस्ता. घरात कोणी नववीपर्यंत शिकलेले नसेल, तर दाखला काढून आणण्याचे कामही आज-उद्यावर जाते. असा दाखला कपाटातच राहिला, की मुलगी कोणत्याच शाळेच्या पटावर नसते. ती कुठे नापास झालेली नसते, म्हणून कोणाच्या निकालातही ती दिसत नाही.

माध्यमाचीही अडचण इथेच उभी राहते. खालचे वर्ग तेलुगू किंवा कन्नडमध्ये शिकलेल्या मुलाला वरच्या वर्गांची त्याच माध्यमाची शाळा पायी जाण्याच्या अंतरावर नसली, तर बीजगणित आणि भूमिती नव्या भाषेत शिकावी लागते. ‘मुलगा गणितात कच्चा आहे’ असा शेरा मारण्याआधी शिक्षकाने एकदा त्याची पहिलीपासूनची माध्यमे तपासावीत, असे मला मनापासून वाटते.

अंतराचाही प्रश्न आहे. विडी कामगार महिलांसाठी शहराबाहेर कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६मध्ये घरे ताब्यात आली. पुढे तिथेच ३० हजार घरांचे रे नगर आकाराला आले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातली पहिली १५ हजार घरे कामगारांना मिळाली. हक्काचे पक्के घर ही त्या बायांच्या लढ्याची मोठी कमाई आहे. पण घर हलले की शाळा हलते, आणि आठवी-नववीच्या मुलीला रोज शहरात पाठवायचे की नाही, हा प्रश्न त्या नव्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहतो.

आता पद्मा नववीत पोचली असे धरू. सोलापुरात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार अनुदानित शाळांवर आहे. नॉर्थकोटसारखी जुनी सरकारी प्रशाला आहे, पण हरिभाई देवकरण प्रशाला किंवा पूर्व भागातली पद्मशाली समाजाच्या संस्थेची कुचन प्रशाला, अशी जी नावे सोलापूरकराच्या तोंडी असतात, त्या शाळा संस्थांनी काढल्या. अनुदानित म्हणजे काय? इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार सरकारचा. किती शिक्षक मिळणार, हे पटावरच्या मुलांवरून ठरते. त्याला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की शिक्षकाचे पद अतिरिक्त ठरते. म्हणून मेमध्ये शिक्षक गल्लोगल्ली फिरून मुले गोळा करताना दिसतात. पटाचा हा दाब इतका असतो, की ऑक्टोबर २०११मध्ये राज्याला एकाच वेळी सगळीकडे पटपडताळणीची मोहीम घ्यावी लागली, आणि कागदावरची पुष्कळ मुले वर्गात सापडली नाहीत.

नववी-दहावीत शिकवतात काय, ते थोडक्यात. तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. गणिताच्या १०० गुणांत बीजगणित ४०, भूमिती ४० आणि २० अंतर्गत. विज्ञानाचेही तसेच दोन भाग आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. उर्दू माध्यमाच्या मुलाची पहिली भाषा उर्दू असते आणि मराठी त्याला स्वतंत्र विषय म्हणून असतेच. काही शाळांत नेहमीच्या एखाद्या विषयाऐवजी व्यवसाय विषय घेता येतो. तंत्रशाळेत मूलभूत तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी चित्रकला शिकता येते. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या मुलाला यंत्राचा नकाशा वाचायला शिकवणारा हा विषय मला फार मोलाचा वाटतो. पालकांना मात्र तो ‘हुशार मुलांचा नाही’ असे वाटते. तसे समजायला काही आधार नाही.

शाळेचा खरा कस लागतो तो वेळापत्रकाबाहेर. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाला ती देता येते. बुद्धिमत्ता चाचणीचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये, म्हणजे महिन्याला हजार. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ जागा आहेत. वर नववीच्या उंबरठ्याविषयी लिहिले, त्याच्याशी हे जोडून पाहा. खिचडी आणि पुस्तके बंद होतात, नेमकी तेव्हापासून ही रक्कम सुरू होते. ही परीक्षा पद्मासारख्या मुलीसाठीच आखलेली आहे. पण फॉर्म शाळेने भरायचा असतो, उत्पन्नाचा दाखला पालकांनी आणायचा असतो आणि तयारी कोणातरी शिक्षकाने जादा तासाला करून घ्यायची असते. जिथे असा एक शिक्षक आहे, तिथली मुले यादीत दिसतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी आईचे विडी कामगार म्हणून ओळखपत्र लागते.

आता दहावी. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. शाळेमार्फत परीक्षेचा फॉर्म भरायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात निकाल. प्रत्येक विषयात ३५ हवेत. सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर टक्केवारी काढतात. ७५च्या वर विशेष प्रावीण्य, ६०च्या वर पहिली श्रेणी.

या निकालाचा आकडा मुलांच्या अभ्यासाइतकाच गुणांच्या पद्धतीवरही हलतो. राज्याचे काही आकडेच पाहा. २०१८चा निकाल ८९.४१ टक्के. २०१९मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून घेतले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल ९५.३० टक्के. २०२१मध्ये करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. २०२५चा निकाल ९४.१० टक्के. एका वर्षात बारा टक्क्यांनी घसरून दुसऱ्या वर्षी अठरा टक्क्यांनी चढण्याइतकी महाराष्ट्रातली मुले बदलली नव्हती. बदलले होते ते २० गुण. म्हणून ‘आमच्या शाळेचा निकाल यंदा दहा टक्क्यांनी वाढला’ असे कोणी सांगितले, तर आधी त्या वर्षी राज्याचा निकाल किती वाढला ते पाहावे.

दुसरी गोष्ट भागाकाराची. शाळेचा निकाल म्हणजे उत्तीर्ण झालेल्या मुलांना परीक्षेला बसलेल्या मुलांनी भागून येणारा आकडा. बसलीच नाहीत ती मुले या हिशेबात कुठेच नाहीत. एक कल्पित शाळा घेऊ. आठवीत १०० मुले. नववीत ८० आली. नववीत काही नापास झाली, काहींना ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा’ असा सल्ला मिळाला, काही कामाला लागली. दहावीचा फॉर्म ६२ जणांनी भरला आणि सगळे परीक्षेला बसले. त्यांतले ५९ पास झाले. फ्लेक्सवर लिहिले जाईल ९५ टक्के, आणि ते बरोबरच आहे. पण आठवीतल्या शंभरांपैकी दहावी झाली ५९ जणांची. शेजारच्या गल्लीतली दुसरी शाळा शंभरातली ९० मुले दहावीला बसवते आणि ७६ पास करते. तिचा निकाल ८४ टक्के. फ्लेक्सवर ती मागे दिसेल, पण माझ्या हिशेबी पुढे आहे ती हीच शाळा.

नववीत मुले गाळून दहावीचा निकाल राखण्याची ही रीत जुनी आहे, आणि ती वाईट आहे. यात मुख्याध्यापकांवरचा दाब मी नाकारत नाही. निकाल घसरला तर पट घसरतो, पट घसरला तर शिक्षक अतिरिक्त ठरतो. पण या साखळीची किंमत सगळ्यांत शेवटी बसलेले मूल देते.

दहावीनंतरचा टप्पा फ्लेक्सवर कधीच येत नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, आणि राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतात. हे किती घरांना माहीत असते? नापास या शब्दापाशीच पुष्कळांची शाळा संपते. आयटीआयच्या काही ट्रेडला दहावी नापासही चालते. सोलापुरात सरकारी तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे, दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्र महाविद्यालयही आहे. २०२५पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, त्यात सोलापूरही आले. मोबाइलवर पसंतीक्रम भरताना चूक झाली, तर हुशार मुलीलाही घरापासून लांबचे महाविद्यालय मिळू शकते. निकालानंतरच्या त्या पंधरा-वीस दिवसांत शाळेने एक टेबल मांडून, एक शिक्षक बसवून मुलांचे फॉर्म भरून द्यावेत. ज्या शाळा हे करतात, त्यांना कोणी गुण देत नाही, पण मी देईन.

पालकांना हे तपासता कसे येईल? प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो. त्यावरून शाळेच्या प्रत्येक इयत्तेतल्या मुला-मुलींची संख्या यू-डायसच्या संकेतस्थळावर पाहता येते. एका वर्षाची आठवी, पुढच्या वर्षाची नववी, त्यापुढच्या वर्षाची दहावी असे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहा. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली आणि बाहेरून आलेली मुले त्यात मिसळलेली असतील, म्हणून एका वर्षावरून निवाडा करू नका, तीन-चार वर्षांचे मांडा. दहा मिनिटांचे काम आहे.

आणि जूनमध्ये प्रवेशासाठी शाळेत जाल, तेव्हा मुख्याध्यापकांना चार गोष्टी विचारा. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती? त्यांतली किती दहावीला बसली? नापास झालेल्यांपैकी किती पुरवणी परीक्षेला बसली? आणि पास झालेल्या मुली आज कुठे शिकत आहेत? चांगल्या शाळेतले सर किंवा बाई हे प्रश्न ऐकून रागावणार नाहीत, रजिस्टर काढून दाखवतील.